भागिले एकशे चव्वेचाळीस

माझ्या नवऱ्याने आजवर सव्वीस विमानं बांधली,
एकही उडालं नाही.
उडायचं होतं ते उडून झालंय, सीत्से म्हणतो.

चाळीस वर्षं त्याने द्रोन्तेन गावातल्या लोकांचे दात घडवले.
आता त्याच कानशी, तोच चिमटा, तेच एका डोळ्याचं भिंग,
आणि डब्यात उरलेलं हिरड्यांचं गुलाबी अॅक्रिलिक,
त्यातून निघतं बॉम्बफेक्या विमानाचं नाक.
काळा रंग लागेपर्यंत
कवळी काढलेल्या म्हाताऱ्यासारखं हसतं ते.

दुकानातल्या पेटीतले तयार भाग त्याला चालत नाहीत.
ते म्हणजे पाकिटातलं सूप, म्हणतो,
आणि वाडग्यात चमचा तसाच ठेवून माझ्याकडे बघतो.

सगळं भागिले एकशे चव्वेचाळीस.
सव्वीस मीटरचे पंख:
माझी एक वीत, तीही जेमतेम.
एकदा त्याने मलाही भागलं:
साडेअकरा मिलिमीटर,
तांदळाचे दोन दाणे, उभे, एकावर एक.

माझ्या मेणबत्तीवर तो प्लास्टिकची काडी धरतो.
ती घामेजते, वाकते,
मग दोन्ही हात अलगद दूर नेतो
आणि मधे उरतो एक केस.
ती एरियल.
दह्याच्या झाकणाचा पत्रा कापून खुर्च्यांचे पट्टे.
शिंकायचं तर बाहेर जाऊन, हा घरचा नियम.

पण या वेलिंग्टनचा सांगाडा त्याला जमेना.
पत्र्याचा नव्हेच तो, विणलेला,
तिरक्या पट्ट्या एकमेकींना छेदत गेलेल्या,
तीनदा केला, तीनदा पिळवटला.
मी भांडी पुसत होते. म्हटलं,
हा तर वामांचा सापळा आहे.
माझे वडील हेच विणायचे, विलोच्या फांद्यांचं,
समुद्र होता तोवर.
डावीकडून सुरू कर. आणि ओढू नकोस, वीण स्वतःच बसते.

अकरा आठवडे लागले.
मग त्यावर टिश्यूचा कागद, कागदावर डोप, डोपवर रंग,
आणि आतलं सगळं, माझ्या वडिलांची वीण धरून,
झाकलं गेलं.
कोण बघणार आता, मी विचारलं.
कुणी नाही, तो म्हणाला. अगदी समाधानाने.

माणसं तो करत नाही.
पाच खुर्च्या, पाचही रिकाम्या.
दात करता येतात मला, म्हणतो, चेहरे नाही.
शेजारच्या बीटाच्या शेतात नांगराला इंजिन लागलं होतं,
तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता
आणि बघायला गेला होता.
याहून जास्त त्याने कधी सांगितलं नाही.

परवा फडक्याचं टोक अडकलं
आणि विमान फळीवरून फरशीवर.
माझ्याच हातून. मांजरावर ढकलता आलं असतं,
पण मांजर वर्षापूर्वीच गेलं.
पाठ उकलली होती.
मी त्याचं भिंग डोळ्याला लावलं, आयुष्यात पहिल्यांदाच,
आणि आत वाकले.

नॅव्हिगेटरचं टेबल, नखाच्या कोरीएवढं.
त्यावर नकाशा.
त्यावर किनारा, बोटांवरच्या रेषेहून बारीक,
बेटं, बंदर,
आणि मधोमध जिथे आमचं घर असायला हवं,
ही फरशी, ही चूल, हे सांडशीचं कपाट,
तिथे निळं.
सगळं निळं.
बरोबरच होतं. बेचाळीस साली इथे पाणीच होतं.
या चुलीवरून माझ्या वडिलांची नाव जायची,
पुढच्या टोकाशी मी बसलेली, पाय ओले.

सीत्से दारात कधी आला कळलं नाही.
मोडलेल्या पाठीकडे त्याने पाहिलं,
पंखाबद्दल काही बोलला नाही.
विचारलं, निळा बरोबर आहे का?
तू पाहिलायस.

मी पुन्हा आत पाहिलं, बराच वेळ.
म्हटलं, थोडा करडा हवा.
आणि काठाशी थोडा मातकट.

त्याने खुर्ची ओढली, बाटली उघडली,
आणि सगळ्यात बारीक ब्रश
माझ्या हातात दिला.